भ्रूण गोठवणे : दोन पद्धती, त्यांतला फरक आणि सही करण्याआधीचे प्रश्न



मूल होत नाही म्हणून टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराला जाणारी जोडपी आता आपल्या वस्त्यांतही आहेत. कुणी बचत गटातून कर्ज काढते, कुणी गावाकडचा जमिनीचा तुकडा विकते. दवाखान्यात चार-पाच फेऱ्या झाल्या की एक वाक्य हमखास कानावर येते : "तुमचे चार भ्रूण चांगले झालेत. एक सोडू, तीन गोठवून ठेवू. इथे सही करा." सही होते, पैसे भरले जातात. पण काय गोठवले, कोणत्या पद्धतीने, किती दिवसांसाठी, आणि त्यातून मूल होण्याची आशा किती, हे घरी आल्यावर सांगता येत नाही. बऱ्याचदा फॉर्म इंग्रजीत असतो आणि विचारायला लाज वाटते.

लाज वाटू देऊ नका. ही गोष्ट समजायला अवघड नाही. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही ती कळते. या महिन्याच्या पाठात आपण ती नीट समजून घेऊ.

भ्रूण म्हणजे काय आणि तो गोठवतात कशासाठी

बाईचे स्त्रीबीज आणि पुरुषाचा शुक्राणू एकत्र आले की एक पेशी तयार होते. दुसऱ्या दिवशी तिच्या साधारण चार पेशी होतात, तिसऱ्या दिवशी आठच्या आसपास. पाचव्या दिवशी शंभराच्या आसपास पेशींचा, आत पाणी असलेला एक फुगा तयार होतो. त्याला डॉक्टर ब्लास्टोसिस्ट म्हणतात. हे सगळे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढे, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल असा ठिपका.

उपचारात इंजेक्शने देऊन एका वेळी अनेक स्त्रीबीजे तयार करतात, त्यामुळे भ्रूणही अनेक होतात. सगळे एकदम गर्भपिशवीत सोडले तर जुळी-तिळी राहतात. अशा बाळंतपणात आईला आणि बाळांना धोका असतो. म्हणून एक किंवा फार तर दोन सोडायचे आणि बाकीचे पुढच्या वेळेसाठी ठेवायचे. पहिल्या वेळी गर्भ राहिला नाही तर पुन्हा इंजेक्शने, पुन्हा भूल, पुन्हा तेवढा खर्च टळतो. इंजेक्शनांमुळे अंडाशय फार सुजले असतील तर त्या महिन्यात काहीच न सोडता सगळे भ्रूण गोठवतात. कॅन्सरचे उपचार सुरू होण्याआधीही काही जोडपी भ्रूण गोठवून ठेवतात.

पेशी मरते ती बर्फाने

फ्रिजच्या वरच्या खान्यात टोमॅटो ठेवून बघा. दुसऱ्या दिवशी बाहेर काढला की तो लिबलिबीत होतो आणि पाणी सोडतो. पाण्याचा बर्फ होताना त्याचे टोकदार स्फटिक बनतात, शिवाय बर्फ पाण्यापेक्षा जास्त जागा घेतो. ते स्फटिक टोमॅटोच्या पेशी फाडतात. भ्रूणाच्या पेशीतही बहुतेक पाणीच असते. तो नुसता गार केला तर त्याचेही तेच होईल.

म्हणजे नुसती थंडी भ्रूणाला मारत नाही, आत तयार होणारा बर्फ मारतो. भ्रूण ठेवतात तो द्रव नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअस इतका थंड असतो. त्या थंडीत पेशीतली सगळी कामे थांबतात, ती नासत नाही आणि वाढतही नाही. खरा धोका आहे तो तिथपर्यंत जाताना आणि तिथून परत येताना. बर्फाला कसे चुकवायचे याची दोन उत्तरे शास्त्रज्ञांनी शोधली. त्याच या दोन पद्धती.

पहिली पद्धत : सावकाश गोठवणे

लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, कारण बाहेरचे मीठ आतले पाणी ओढून घेते. सावकाश गोठवण्यात, म्हणजे स्लो फ्रीझिंगमध्ये, हेच करतात. भ्रूणाला आधी गोठण्यापासून वाचवणाऱ्या औषधाच्या पातळ द्रावणात ठेवतात. मग तो बारीक नळीत भरून यंत्रात ठेवतात. यंत्र उणे सहा-सात अंशांपर्यंत त्याला गार करते. तिथे नळीला बाहेरून थंडगार चिमटा टेकवून भ्रूणाच्या बाजूच्या पाण्यात मुद्दाम बर्फ सुरू करतात. बाहेर बर्फ होऊ लागला की उरलेल्या पाण्यात क्षार आणि औषध दाट होते आणि ते भ्रूणाच्या आतले पाणी बाहेर ओढते. त्यानंतर यंत्र मिनिटाला अंशाचा साधारण तिसरा हिस्सा इतक्या संथ गतीने तापमान उतरवत उणे तीसच्या आसपास नेते. शेवटी नळी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. सगळ्याला दीड-दोन तास लागतात.

यात तारेवरची कसरत आहे. गार करणे फार जलद झाले तर पाणी बाहेर यायच्या आत पेशीतच बर्फ होतो. फार संथ झाले तर पेशी आकसून दाट क्षारात फार वेळ राहते आणि त्याने मरते. मधला वेग सापडायला बरीच वर्षे गेली. १९७२ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या ओक रिज प्रयोगशाळेत व्हिटिंगहॅम, लीबो आणि मॅझर या तिघांनी उंदराचे भ्रूण असे गोठवले, वितळवले आणि उंदरीच्या गर्भपिशवीत सोडून जिवंत पिल्ले जन्माला घातली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील केंब्रिजला गोठवलेल्या भ्रूणातून वासरू झाले. माणसाचे मूल या पद्धतीने ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे १९८४ साली जन्मले आणि त्याची नोंद जगभर झाली.

पण त्याआधीच आपल्या देशात कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे काम केले होते. त्यांनी आठ पेशींचा भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवला आणि त्यातून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी जन्मली. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी इंग्लंडमध्ये त्याच वर्षी २५ जुलैला झाली होती, म्हणजे आपण जेमतेम सव्वादोन महिने मागे होतो. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचे म्हणणे खोटे ठरवले. त्यांना परदेशी परिषदेला जाऊ दिले नाही आणि त्यांची बदली डोळ्यांच्या विभागात केली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. पुढे १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नाने टेस्ट ट्यूब बेबी जन्मली आणि ती देशातली पहिली मानली गेली. मग मुखोपाध्यायांच्या वह्या स्वतः आनंद कुमारांनी वाचल्या आणि १९९७ साली जाहीरपणे सांगितले की पहिला मान त्यांचा आहे. खुर्चीवरच्या माणसाने "हे खोटे" म्हटले म्हणून काम खोटे ठरत नाही, आणि "हे खरे" म्हटले म्हणून खरेही ठरत नाही. वह्या बघाव्या लागतात.

दुसरी पद्धत : काचेसारखे गोठवणे

साखरेचा पाक हळूहळू गार होऊ दिला की साखर पुन्हा दाणेदार बसते. तोच दाट पाक झटकन गार केला तर दाणे धरायला वेळच मिळत नाही, आणि लिमलेटच्या गोळीसारखा पारदर्शक, कडक गोळा होतो. दाणा म्हणजे स्फटिक. गोळीत स्फटिक नसतात, ती एक प्रकारची काचच असते.

दुसरी पद्धत, व्हिट्रिफिकेशन, ही अशी आहे. भ्रूणाला आधी औषधाच्या कमी दाट द्रावणात काही मिनिटे आणि मग खूप दाट द्रावणात मिनिटभर ठेवतात. त्या दाट द्रावणात साखरही असते. ती आतले पाणी बाहेर ओढते. मग भ्रूणाला अगदी इवल्याशा थेंबात, प्लास्टिकच्या बारीक पट्टीवर घेऊन सरळ द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. थेंब इतका लहान असल्यामुळे तो मिनिटाला वीस हजार अंशांहून जास्त वेगाने गार होतो. बर्फ धरायला वेळच उरत नाही. भ्रूणाच्या आत आणि बाहेर सगळे काचेसारखे घट्ट होते.

ही युक्ती उंदराच्या भ्रूणावर रॅल आणि फाही या अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी १९८५ साली यशस्वी केली. माणसाच्या उपचारात ती सर्रास यायला आणखी वीस वर्षे गेली. जपानमध्ये कुवायामा यांनी इवल्या थेंबाची पट्टी प्रचारात आणली, त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळा हळूहळू इकडे वळल्या. आज बहुतेक ठिकाणी हीच पद्धत आहे.

हिचीही अडचण आहे. दाट औषध हे एका अर्थी विषच असते. त्यात भ्रूण जास्त वेळ राहिला तर दगावतो, म्हणून घड्याळ लावून सेकंद मोजावे लागतात. शिवाय बाहेर काढताना गार करण्याइतक्याच किंवा त्याहून जास्त वेगाने त्याला ऊब द्यावी लागते, नाहीतर वर येताना वाटेत बर्फ धरतो. पाच दिवसांच्या भ्रूणातले पाणीही आधी काढून त्याला चिमवावे लागते. सावकाश पद्धतीत बरेचसे काम यंत्र करते. इथे सगळे हातावर आहे. म्हणून प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाचा सराव किती, यावर निकाल ठरतो.

दोन्हींत फरक किती

सावकाश पद्धतीत शंभर भ्रूण वितळवले तर साधारण सत्तर-ऐंशी जिवंत निघतात, कुठे कमी, कुठे जास्त. काचेच्या पद्धतीत चांगल्या प्रयोगशाळेत शंभरातले नव्वदहून अधिक जिवंत निघतात. सावकाश पद्धतीला महागडे यंत्र आणि दोन तास लागतात. दुसऱ्या पद्धतीला यंत्र लागत नाही आणि काम काही मिनिटांत होते. म्हणून दुसरी पद्धत चांगली मानतात, आणि ते बरोबर आहे.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, जुन्या पद्धतीने ठेवलेले भ्रूण वाया गेले असे समजू नका. अमेरिकेत १९९२ साली गोठवलेल्या भ्रूणांतून ऑक्टोबर २०२२ मध्ये जुळी मुले जन्मली. मधे तीस वर्षे गेली होती. टाकीत वेळ थांबतो, ही गोष्ट खरी आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. भ्रूण जिवंत निघणे आणि मूल होणे यांत मोठे अंतर आहे. गोठवल्याने कमजोर भ्रूण सुधारत नाही. जसा ठेवला तसा, फार तर थोडा कमी, परत मिळतो. जिवंत निघालेला भ्रूण गर्भपिशवीत रुजेलच असे नाही. स्त्रीबीज काढतेवेळी बाईचे वय जितके जास्त, तितकी आशा कमी. पस्तिशीनंतर ती घसरू लागते, चाळिशीनंतर फारच. "आमच्याकडे नव्वद टक्के" असे कुणी सांगितले तर विचारा, कशाचे नव्वद टक्के? भ्रूण जिवंत निघण्याचे, गर्भ राहण्याचे, की बाळ घरी जाण्याचे? एकाच आकड्याचे हे तीन वेगळे अर्थ आहेत. आपल्याला हवा असतो तो तिसरा.

टाकीची काळजी

गोठवल्यावर भ्रूण द्रव नायट्रोजनच्या टाकीत राहतो. नायट्रोजन सतत उडून जातो, म्हणून तो वेळोवेळी भरावा लागतो. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या एका रुग्णालयात टाकीचे तापमान वाढले. दूरवरून इशारा देणारी घंटा बंद होती. चार हजारांहून अधिक स्त्रीबीजे आणि भ्रूण वाया गेले आणि नऊशेहून जास्त कुटुंबांची आशा संपली. पद्धत कितीही चांगली असो, रात्री टाकीकडे बघणारे कुणी नसेल तर उपयोग नाही.

संसर्गाचीही बाब आहे. काही पट्ट्यांवर थेंब उघडा असतो आणि नायट्रोजनला थेट टेकतो, काहींत तो बंद नळीत असतो. १९९५ साली लंडनमधून एक नोंद झाली. अस्थिमज्जा ठेवलेल्या टाकीतून एका रुग्णाची कावीळ बी दुसऱ्यांना लागली होती. भ्रूणांच्या टाकीतून असे झाल्याची नोंद नाही. तरीही गोठवण्याआधी दोघांची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी आणि गुप्तरोगाची तपासणी करतात ती याच काळजीपोटी. ती टाळू नका.

आईच्या तब्येतीकडे लक्ष

गोठवलेल्या भ्रूणातून राहिलेल्या गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका थोडा जास्त दिसतो. विशेषतः गर्भपिशवी तयार करायला फक्त हार्मोनच्या गोळ्या दिल्या असतील तेव्हा. बाळाचे वजनही थोडे जास्त भरते. जन्मजात दोष वाढल्याचे मात्र दिसलेले नाही. म्हणून नाव कुठेही घातले असले तरी गर्भारपणात रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने नियमित तपासा. डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आशाताईंना आधीच सांगून ठेवा की हे गर्भारपण गोठवलेल्या भ्रूणाचे आहे.

कायदा काय सांगतो

२०२१ च्या एआरटी कायद्याने हे दवाखाने आणि बँका नोंदणीच्या चौकटीत आणल्या. त्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी अशा :

भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतो. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यायचा किंवा जोडप्याच्या संमतीने संशोधनाला द्यायचा. गोठवण्याआधी दोघांची लेखी संमती लागते. दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला किंवा तो निर्णय घेण्याच्या स्थितीत राहिला नाही तर भ्रूणाचे काय करायचे, हेही त्यात लिहावे लागते. भ्रूण गर्भपिशवीत सोडेपर्यंत तुम्ही कधीही संमती मागे घेऊ शकता. भ्रूण किंवा स्त्रीबीज विकणे गुन्हा आहे. मुलगा की मुलगी हे ठरवून देणे, तसे आमिष दाखवणे हाही गुन्हा आहे.

वस्तीत येणाऱ्या एजंटाबद्दल

काचेच्या पद्धतीमुळे आणखी एक गोष्ट शक्य झाली. एकटे स्त्रीबीज ही मोठी, पाण्याने भरलेली नाजूक पेशी आहे. सावकाश पद्धतीत ते क्वचितच टिकायचे. नव्या पद्धतीत टिकू लागले आणि स्त्रीबीजांच्या बँका उभ्या राहिल्या. त्या बँकांना स्त्रीबीजे लागतात, आणि ती शोधायला एजंट येतात ते आपल्याच वस्त्यांत. मुंबईत २०१० साली भंगाराच्या कारखान्यात काम करणारी सतरा वर्षांची मुलगी स्त्रीबीजे काढल्यानंतर दोन दिवसांत मरण पावली. २०२२ साली तमिळनाडूत इरोड येथे सोळा वर्षांच्या मुलीचे वय कागदावर वाढवून तिची स्त्रीबीजे पुन्हा पुन्हा विकल्याचे उघड झाले.

कायद्याप्रमाणे स्त्रीबीज देणारी बाई २३ ते ३५ वर्षांची असावी लागते. आयुष्यात एकदाच देता येते. सातपेक्षा जास्त स्त्रीबीजे काढता येत नाहीत. तिचा वर्षभराचा विमा स्त्रीबीज घेणाऱ्या जोडप्याने काढायचा असतो. इंजेक्शनांनंतर पोट फुगणे, वजन झपाट्याने वाढणे, लघवी कमी होणे, दम लागणे ही अंडाशय सुजल्याची लक्षणे आहेत. तेव्हा एजंटाला फोन करत बसू नका, थेट मोठे रुग्णालय गाठा. तुमची मुलगी किंवा शेजारीण "एका दिवसाच्या कामाचे पैसे" म्हणून कुठे जात असेल तर तिला हे वाचून दाखवा.

सही करण्याआधी विचारा

१. माझ्या पतीची वीर्य तपासणी झाली का? माझ्या गर्भनळ्या आणि गर्भपिशवीच्या टीबीची तपासणी झाली का? (आपल्याकडे नळ्या बंद होण्याचे हे मोठे कारण आहे आणि टीबीचा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो.)

२. दवाखाना एआरटी कायद्याखाली नोंदलेला आहे का? नोंदणी क्रमांक दाखवा.

३. किती भ्रूण, कितव्या दिवसाचे, कोणत्या पद्धतीने गोठवणार? हे कागदावर लिहून द्या.

४. गेल्या वर्षी इथे शंभर भ्रूण वितळवले तर किती जिवंत निघाले? माझ्या वयाच्या बायकांपैकी किती जणींच्या हातात बाळ आले?

५. ठेवण्याचे वर्षाला किती पैसे? हप्ता चुकला तर भ्रूणाचे काय करणार?

६. टाकीला घंटा आहे का, रात्री कोण बघते?

७. फॉर्म मराठीत द्या, किंवा ओळ न् ओळ वाचून समजावून सांगा.

उत्तर मिळाले नाही तर सही त्या दिवशी करू नका. घरी या, दोघे बसा, वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून कागद वाचून घ्या आणि मग ठरवा. संमतीच्या प्रत्येक कागदाची प्रत मागून घ्या आणि घरात रेशन कार्डाबरोबर जपून ठेवा. दहा वर्षांच्या हिशेबात ती लागेल.

आणि एक शेवटचे. एवढे सगळे करूनही मूल झाले नाही तर दोष बाईचा नाही. वितळवताना भ्रूण जगला नाही, रुजला नाही, यात तिच्या चालण्या-बोलण्याचा, उपास-तापासाचा, कामाला जाण्याचा काही संबंध नसतो. सासूबाईंनी, नणंदांनी, जावांनी हे समजून घ्यावे, आणि पतीने ते सगळ्यांदेखत बोलून दाखवावे.